तारण

माझ्या नोकरीची ३१ वर्षं लोकांना 'नाही' म्हणण्यात गेली. रोज उठून नव्हे, पण आठवड्यातनं दोन-तीनदा तरी. कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेत मी कर्ज विभागात होते. टेबलाच्या पलीकडं माणूस, अलीकडं मी आणि मध्ये फाइल. फाइलीत सात-बारा, सिटी सर्व्हेचा उतारा, पगारपत्रकं आणि दोन जामीनदारांचे फोटो. माणूस काय बोलतो त्यापेक्षा फाइल काय बोलते ते ऐकायचं, हे पहिल्याच वर्षी आमच्या मॅनेजरसाहेबांनी शिकवलं. "डोळ्यांत बघू नका, उताऱ्यात बघा," म्हणायचे. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. बँकेतला पैसा बँकेचा नसतोच. तो मंडईत बसून रोज वीस-वीस रुपये पिग्मी भरणाऱ्या बाईचा असतो. तो बुडवून कुणावर उपकार करायचा हक्क मला कुणी दिला नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीतल्या तरुण मंडळानं गळ घातली. २६ जूनला शाहू जयंती, मुलांसमोर चार शब्द बोला. विषयही त्यांनीच दिला होता : 'जग बदलणारी थोर माणसं'. मी जन्मात भाषण केलेलं नाही. तरी हो म्हणून बसले, आणि वही घेऊन नावं लिहायला लागले. असल्या भाषणात जी नावं येतात तीच आली. जन्म अमुक साली, कार्य तमुक, मृत्यू ढमुक. लिहून झाल्यावर वाचलं तर तो थकबाकीदारांच्या यादीसारखा प्रकार वाटला. नाव, तारीख, रक्कम. माणूस कुठंच नाही.

मग पैलवान खाशाबा जाधवांपाशी आले आणि एका शब्दावर अडकले. शब्द माझ्या रोजच्या वापरातला. गहाण.

गोष्ट कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असते. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला राजाराम कॉलेजात. १९४८ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेला पैलवान तिथं गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गावानं वर्गणी काढली, लोकांनी जमेल ते दिलं, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे केले.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पण त्या दिवशी पहिल्यांदाच ती माझ्या टेबलावर आल्यासारखी वाटली. मी मनातल्या मनात फाइल उघडली. अर्जदाराचा व्यवसाय : प्राचार्य. तारण : राहतं घर. इथपर्यंत उत्तम, असं तारण बँकेला आवडतं. कर्जाचं कारण : विद्यार्थ्याला कुस्ती खेळायला फिनलंडला पाठवणे.

इथं माझं पेन थांबलं असतं. कारणाच्या रकान्यात घरदुरुस्ती, मुलीचं लग्न, विहीर, म्हैस, दुकानाचा माल, असलं काहीतरी असतं. 'दुसऱ्याच्या पोराची कुस्ती' हे कारण मी ३१ वर्षांत वाचलं नाही. आणि परतफेड कशातनं? पैलवान जिंकला तरी ऑलिंपिकमध्ये पदक मिळतं, पैसे मिळत नाहीत. हरला तर तेवढंही नाही. म्हणजे दोन्हीकडून हप्ता प्राचार्यांच्या पगारातनंच जाणार. मी असते तर त्यांना खुर्ची दिली असती, चहा मागवला असता आणि अगदी आदरानं समजावलं असतं, "सर, भावनेच्या भरात घरावर बोजा चढवू नका. घरच्यांना विचारलंत का?" असं मी किती जणांना समजावलंय. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटायचं.

२३ जुलै १९५२ला हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांना ब्राँझपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ते सगळे सांगतात. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो घाईघाईत उरकला जातो. पदक घेऊन आलेला हा माणूस पुन्हा आखाड्यात उतरला, कुस्त्यांची मैदानं भरवली, कुस्त्या मारल्या आणि त्या पैशातनं आपल्या प्राचार्यांचं घर सोडवलं. म्हणजे कर्ज फिटलं. बोजा उतरला. वसुलीला कुणाला जावं लागलं नाही.

सरकारदरबारी मात्र खाशाबांची फाइल फार सावकाश हलली. १९५५ला ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कित्येक वर्षांनी. त्यावर बोलायला लागले तर माझा लेख भलतीकडंच जाईल.

शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे. माझी मुलगी एम.ए.ला तिथं चार-चार तास बसायची. मी तिला एकदा विचारलं, खर्डेकर कोण होते माहीत आहे का? म्हणाली, "ग्रंथालय हाय की!"

आता शाहू महाराजांबद्दल. कोल्हापुरात राहून त्यांच्यावर काही नवं बोलणं अवघड. दसरा चौकात नुसतं उभं राहिलं तरी आजूबाजूच्या इमारतीच बोलायला लागतात. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, जवळच लिंगायत समाजाचं. १९०१ला मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि मग एकेका समाजासाठी काढतच गेले. १९०८ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. माझे सासरे बोर्डिंगातच राहून शिकले. पन्नास वर्षांनंतरही जेवताना पानात काही टाकलं की ते म्हणायचे, "बोर्डिंगात असतीस तर कळलं असतं." बोर्डिंग म्हणजे काय हे मला इतिहासाच्या पुस्तकानं नाही, त्या एका वाक्यानं शिकवलं. खेड्यातलं पोर, शहरात ओळख नाही, खोली भाड्यानं घ्यायला पैसे नाहीत, आणि पैसे असले तरी जात विचारल्यावर खोली मिळत नाही. अशा पोराला शाळा फुकट करून काय उपयोग? आधी त्याला झोपायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. हे राजवाड्यात बसलेल्या माणसाला कळलं, ते मला फार मोठं वाटतं.

२६ जुलै १९०२ला, महाराज स्वतः इंग्लंडमध्ये असताना, संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्याचा हुकूम निघाला. १९१७ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. हे सगळं पाठ असतं. पण मुलांना सांगायला मी निवडली ती चहाची गोष्ट.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला. जातीनं महार. महाराज गावाला गेलेले असताना ते सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले, आणि बाकीच्या नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज परत आल्यावर गंगारामांनी त्यांना पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, हे झालंच. पण त्याहून निराळं काम त्यांनी पुढं केलं. गंगारामांना म्हणाले, ही नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. भांडवल दिलं, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचं हॉटेल उघडलं. 'सत्यसुधारक'.

कर्ज विभागातल्या माणसाला इथं लगेच पुढचा प्रश्न दिसतो. भांडवल मिळालं, ठीक. गिऱ्हाईक कुठाय? त्या काळात महाराच्या हातचा चहा कोण पिणार? असे धंदे मी बुडताना पाहिलेत. सरकारी योजनेतनं मशीन मिळतं, अनुदान मिळतं, फोटो निघतो, आणि सहा महिन्यांनी मशीनवर धूळ असते, कारण माल घ्यायला कुणी येत नाही. पैसा देणं सोपं. गिऱ्हाईक देणं अवघड.

महाराजांनी गिऱ्हाईक दिलं. स्वतःच झाले. सांगतात की गाडी हॉटेलापुढं थांबवायचे, भर रस्त्यात हाक मारून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांच्या हातातही कप द्यायचे. छत्रपती पितात म्हटल्यावर कोण नको म्हणणार? कुणाला सही हवी असली तर इथंच या म्हणायचे. सही हवी तर चहा आलाच.

आता हा सौदा नीट बघा. कपभर चहाची किंमत काय, एखादा पैसा असेल. पण महाराजांनी त्या कपात छत्रपतींची गादी गहाण टाकली होती. आणि तीही कशी? १८९९च्या कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर आंघोळीच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्र म्हणत नाही, पुराणोक्त म्हणतो, कारण त्याच्या लेखी राजा शूद्र, हे त्यांनी स्वतः सोसलेलं होतं. ज्याची प्रतिष्ठा आधीच वादात आहे, तो माणूस ती आणखी जपायला बघतो. आपल्यापेक्षा खालचा कोण, हे शोधतो आणि त्याच्यापासून चार हात लांब राहतो. आमच्या स्टाफमध्येही मी हे पाहिलंय, नव्यानं ऑफिसर झालेला शिपायाशी सगळ्यांत कडक वागतो. महाराज उलट वागले.

'दया' हा शब्द मला इथं वापरवत नाही. दया वरून खाली येते. घेणाऱ्याला परत काही द्यायचं नसतं, म्हणून तो कायमचा खालीच राहतो. गंगारामांना महाराजांनी शंभर रुपये हातावर ठेवले असते तर ती दया झाली असती. त्यांनी गंगारामांना गल्ला दिला आणि स्वतः त्या गल्ल्यात पैसे टाकणारं गिऱ्हाईक झाले. कर्जाचंही तसंच आहे. लोक कर्जाला नावं ठेवतात, पण कर्ज देणारा एक गोष्ट मानतो, की हा माणूस उद्या फेडणार आहे. त्याची उद्याची ऐपत तो आज कबूल करतो. भीक घालणारा तेवढंही मानत नाही.

गंगारामांनी फेडलं कसं? महाराज १९२२ला गेले. त्यानंतर काही वर्षांतच नंगीवली चौकात महाराजांचं छोटंसं स्मारक उभं राहिलं, ते गंगारामांनी पुढाकार घेऊन वर्गणीतनं बांधलेलं. मोठे पुतळे नंतर झाले. मी त्या चौकातनं शेकडो वेळा भाजी घेऊन गेलेय आणि ते काय आहे हे मला चाळिशीनंतर कळलं.

माझ्या वहीत इथपर्यंत सगळं नीट होतं. पण चहाची गोष्ट लिहिताना मला एक मुलगा आठवला, आणि त्याला भाषणात घ्यायचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणून इथं लिहिते.

१९९७-९८ची गोष्ट असेल. उजव्या पायाला कॅलिपर लावलेला, बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा. सीपीआर दवाखान्यासमोर त्याला एक टपरी भाड्यानं मिळत होती, तिथं सेकंडहँड झेरॉक्स मशीन टाकायचं होतं. कर्ज ७५,००० रुपये. कोटेशन आणलेलं, हिशेबही स्वतः वहीत मांडून आणलेला. पेशंटच्या नातेवाइकांना दिवसभर कसल्या ना कसल्या कागदाच्या प्रती लागतात, दिवसाला किती निघतील, कागदाला किती, शाईला किती, वीजबिल किती. हिशेब बरोबर होता. मी तपासला होता, म्हणून सांगते.

नियमाप्रमाणं दोन पगारदार जामीनदार हवेत. त्यानं एकच आणला होता, त्याचा मामा. शाहूपुरीत गुळाच्या बाजारात हमाल. हमालाला कुठलं पगारपत्रक?

मी म्हटलं, "हे चालणार नाहीत. पगारदार आणा. दोन."

तो म्हणाला, "मॅडम, माझा मामा दिवसाला दोन-दोनशे रवे उचलतोय गुळाचे. त्येच्यापेक्षा भारी जामीनदार कुठला असतोय वो?"

मामा शेजारी उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नव्हता. मानेजवळ खांद्यावर गुळाचा डाग होता, वाळून काळा पडलेला. तो भाच्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "चल रं. मॅडमचं बी बरोबर हाय."

फाइलवर मी शेरा मारला : 'जामीनदाराअभावी परत'. तो पुन्हा आला नाही. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. सीपीआरसमोरनं जाताना मी झेरॉक्सच्या दुकानांत डोकावत असे, काही वर्षं. मग ती सवय गेली.

नियम चुकीचा नव्हता, हे मी पुन्हा म्हणते. पण मी माझ्या ओळखीतल्या दोन पगारदारांना विचारू शकले असते. कुठल्या महामंडळाची योजना त्याला लागू पडते हे सांगू शकले असते, ते माझ्या ड्रॉवरमधल्या परिपत्रकात होतं. त्याला पाच मिनिटं लागली असती. त्या दिवशी मार्चअखेर होती की काय होतं, आता आठवत नाही. काहीतरी असणारच. नेहमी काहीतरी असतंच.

गंमत म्हणजे त्याच काळात याच शहरात एक बाई माझ्या विरुद्ध टोकाचं काम करत होत्या. नसीमा हुरजूक. त्यांना सगळे नसीमादीदी म्हणतात. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बंगळूरचे बाबूकाका दिवाण, तेही चाकाच्या खुर्चीवरचेच, पण स्वतःचा व्यवसाय सांभाळणारे, त्यांना भेटले आणि दीदींना दिसलं की खुर्चीवर बसूनही माणूस कमावू शकतो. त्यांनी शिक्षण पुरं केलं, केंद्र सरकारच्या खात्यात नोकरी केली आणि १९८४ला 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' सुरू केली. उचगावला मुलांचं वसतिगृह झालं, शाळा झाली, आणि पुढं सिंधुदुर्गात मोरे गावी काजू प्रक्रियेचा उद्योग, जिथं चालता न येणारी माणसं काम करून पगार घेतात. पगार म्हणते मी, मदत नव्हे.

आमच्या बँकेनं एका वर्धापनदिनी अशाच एका संस्थेत केळी वाटली होती. आम्ही सगळे काठापदराच्या साड्या नेसून. एका मुलीनं केळ घेतलं, थँक्यू म्हणाली आणि विचारलं, "बँकेच्या फाइली तुम्ही कुठनं बनवून घेता? आम्ही पण बनवतो." आमच्या साहेबांनी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. फाइली आम्ही शेवटपर्यंत लक्ष्मीपुरीतल्या त्याच व्यापाऱ्याकडनं घेतल्या.

अजून दोन गोष्टी सांगायच्या होत्या, त्या थोडक्यात. १९२०च्या जानेवारीत आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा महाराजांनी २,५०० रुपये दिले. आंबेडकर तेव्हा २८ वर्षांचे, लंडनचं शिक्षण अर्धवट राहिलेलं. मार्चमध्ये कोल्हापूरजवळच्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, आंबेडकर अध्यक्ष, आणि महाराज स्वतः तिथं गेले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. संविधान अजून तीस वर्षं लांब होतं. आणि दुसरी गोष्ट बिंदू चौकाची. ९ डिसेंबर १९५०ला भाई माधवराव बागलांनी तिथं महात्मा फुल्यांचा आणि आंबेडकरांचा असे दोन अर्धपुतळे बसवले. आंबेडकर तेव्हा हयात होते. जिवंत माणसाचा पुतळा म्हणजे केवढी जोखीम! उद्या तो काय करेल, काय बोलेल, कुणी हमी द्यायची? माणूस गेल्यावर त्याला हार घालणं, हे मुदत ठेवीवर दिलेल्या कर्जासारखं आहे. बुडायची भीतीच नाही. आपण सगळे त्यात हुशार.

तर भाषण. मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसेक पोरं, पाऊस पत्र्यावर असा पडत होता की मागच्यांना काही ऐकू गेलं नसणार. मी खर्डेकरांची गोष्ट सांगितली. पहिल्या रांगेतल्या एकानं हात वर केला. सहावीत असेल.

"बाई, कुस्ती हारलं असतं तर?"

मी म्हटलं, "घर गेलं असतं."

"मग सर कुठं राहिलं असतं?"

"भाड्याच्या खोलीत," मी म्हटलं. सगळी पोरं हसली. तो हसला नाही. त्यानं शेजारच्याला कानात काहीतरी विचारलं, बहुतेक भाडं किती असतं ते.

मला वाटतं त्या पोराला जे कळलं ते मला ३१ वर्षांत कळलं नव्हतं. मी ही गोष्ट नेहमी पदकाच्या बाजूनं ऐकली होती. पदक मिळालं म्हणून प्राचार्य थोर. पण सही केली त्या दिवशी पदक कुठं होतं? त्या दिवशी होतं फक्त घर आणि एक पैलवान. आणि हरलेल्या पैलवानांसाठीही कुणीतरी काहीतरी गहाण टाकलेलं असतं. त्यांच्या गोष्टी शाहू जयंतीला सांगत नाहीत.

२०२४च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळवलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला मिळालेलं वैयक्तिक पदक. सगळं गाव नाचत होतं. आमचे हे टीव्हीपुढनं हलेनात. बातम्यांत सांगत होते की वडील शिक्षक, आणि मुलाच्या सरावाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढलं होतं. मी नकळत म्हणून गेले, "कारण काय लिहिलं असेल?" ह्यांना वाटलं मी काहीतरी बरळतेय.

आता शेवटची गोष्ट, माझ्या घरातली. आमच्या शेजारी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्ज साडेपाच लाखांचं. एवढ्या रकमेला त्या बँकेला जामीनदार हवा होता. बाई आमच्या पायरीवर येऊन बसल्या. मागितलं काहीच नाही. नुसतं सांगितलं, की बँकवाले जामीनदार मागताहेत, आणि पदराला बोट गुंडाळत राहिल्या.

आमच्याकडं दोन दिवस वाद झाला. ह्यांचं म्हणणं चूक नव्हतं. "तूच म्हणायचीस, सख्ख्या भावालासुद्धा जामीन राहू नये. राहिलीस का तू तुझ्या भावाला? मग?" नव्हते राहिले. भाऊ त्यानंतर तीन वर्षं दिवाळीला आला नाही. जामीनदारांवर काय काय येतं हे मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलंय. नोटिसा मीच टाइप करून घ्यायची. कर्जदार मजेत, आणि बिचारा जामीनदार पगारातनं कापून घेतोय. मुलीनं कोर्स अर्धवट सोडला तर? लग्न करून गेली तर? ह्यांनी सगळे 'तर' काढले. मी सगळे आधीच काढून ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीबरोबर बँकेत गेले. दुसरी बँक, माझी नव्हे. टेबलापलीकडं तिशीतला मुलगा, गळ्यात आयकार्ड, चेहऱ्यावर मार्चअखेरीचा वैताग, महिना मात्र जुलै. मी पहिल्यांदाच टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. खुर्ची बरीच खाली होती. आमच्याही बँकेत गिऱ्हाइकांच्या खुर्च्या अशाच होत्या का, मला आठवेना.

फॉर्म भरत गेले. नाव, वय, पेन्शन, घर स्वतःचं की भाड्याचं. मग एक रकाना आला : 'अर्जदाराशी नाते'. हा रकाना मी हजारो फॉर्मांवर तपासला असेल. भाऊ, मामा, सासरे, सहकारी. रिकामा असेल तर फॉर्म परत. मी पेन धरून बसले. मुलगी माझ्याकडं बघत होती. तिला काय हाक मारायची हेही तिनं अजून ठरवलेलं नव्हतं, कधी मॅडम, कधी मावशी.

"तो कॉलम राहिलाय मॅडम," साहेब म्हणाला. "'ओळखीचे' लिहा. सगळे तेच लिहितात."

मी तेच लिहिलं. खाली सही केली. त्यानं पानं उलटली, शिक्का उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"पेन्शनच्या पासबुकाची प्रत नाही जोडलेली."

पासबुक पर्समध्ये होतं, प्रत नव्हती. ३१ वर्षं दुसऱ्यांना ज्यासाठी परत पाठवलं, तेच मी विसरले होते. मुलगी उठायला लागली, मी तिला बसवलं. जिना उतरून रस्त्यावर आले. पाऊस भुरभुरत होता. कोपऱ्यावर फुलं घेऊन बसलेल्या बाईला विचारलं, इथं जवळपास झेरॉक्स कुठं मिळेल?